थायरॉइडची गोळी आणि रोजचं खाणं: काय खाता यापेक्षा कधी खाता

थायरॉइड कमी असल्याचं निदान झालं की पहिली चर्चा सुरू होते ती पथ्याची. कोबी बंद, फ्लॉवर बंद, सोयाबीनचं तर नावही काढायचं नाही. हे सगळं कडक पाळणारा माणूस सकाळची गोळी मात्र कॉफीच्या घोटाबरोबर गिळतो, पाठोपाठ कॅल्शियमची गोळी घेतो आणि पुढच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, औषध कमी पडलं की तो वाढतो) वाढलेला आला की म्हणतो, "मागच्या आठवड्यात फ्लॉवर खाल्ला होता, त्याचंच हे."

फ्लॉवरचा यात जवळपास काहीच दोष नसतो. लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या थायरॉक्सिन या हार्मोनची तयार गोळी घेणाऱ्यांच्या बाबतीत गोळी आणि खाणं यांच्यात किती वेळ गेला आणि तो रोज साधारण सारखा आहे का, यावर बरंच काही अवलंबून असतं. पुढचं सगळं मुख्यतः या गोळीबद्दल आहे. थायरॉइड जास्त असलेल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे. गोळीची मात्रा डॉक्टरच ठरवणार. ती ठरलेली मात्रा रक्तात पोहोचेल हे पाहणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

गोळीत औषध किती असतं

100 मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग औषध. हातात दिसते ती गोळी जवळजवळ सगळी भरावाचीच असते. आता शेजारी 500 मिलीग्रॅम कॅल्शियम ठेवा: औषधाच्या 5000 पट. पाव लिटर दुधात साधारण 300 मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे 3000 पट. लोहाच्या नेहमीच्या गोळीत 65 मिलीग्रॅम लोह असेल, तर ते 650 पट. कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम यांना थायरॉक्सिन चिकटतं आणि न विरघळणारा साका तयार होतो. तो आतड्यातून रक्तात न जाता सरळ बाहेर पडतो. एवढ्याशा औषधाला अडवायला फार काही लागत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात यावं.

दुसरी अडचण पोटातल्या आम्लाची. गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं. पोटात अन्न असेल किंवा आम्ल कमी करणारं औषध चालू असेल, तर गोळी अर्धवट विरघळते. तिसरी अडचण कोंडा आणि तंतुमय पदार्थांची. ते औषध धरून ठेवतात आणि पुढे ढकलतात. शोषण लहान आतड्याच्या मधल्या आणि शेवटच्या भागात होतं. उपाशीपोटी घेतलं तरीही ते 60 ते 80 टक्केच असतं. म्हणजे उत्तम परिस्थितीतसुद्धा थोडी गळती गृहीत धरलेलीच आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा 100 मायक्रोग्रॅमची गोळी उपाशीपोटी घेतल्यावर 75 टक्के शोषली जाते, म्हणजे 75 मायक्रोग्रॅम मिळतात. रोज कॉफीबरोबर घेतल्यामुळे शोषण 55 टक्क्यांवर आलं, तर मिळतात 55. डॉक्टरांना कॉफी दिसत नाही, त्यांना टीएसएच दिसतो. ते मात्रा 125 करतात. काही महिन्यांनी कोणीतरी "गोळी उपाशीपोटी घ्यायची असते" असं सांगतं आणि माणूस प्रामाणिकपणे पद्धत बदलतो. आता 125 चे 75 टक्के, म्हणजे जवळपास 94 मायक्रोग्रॅम रक्तात जातात. छातीत धडधड, झोप उडणं, हात थरथरणं सुरू होतं. म्हणून चुकीची सवय सुधारतानासुद्धा डॉक्टरांना सांगून सुधारावी आणि 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासावा. वयस्कर आणि हृदयरोगी माणसांत ही काळजी जास्तच महत्त्वाची, कारण औषध जास्त झालं की हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो आणि वर्षानुवर्षं जास्तच राहिलं तर हाडं ठिसूळ होतात.

एक दिलासा आहे. थायरॉक्सिन शरीरात अर्ध्यावर यायला साधारण 7 दिवस लागतात. त्यामुळे एखाद्या दिवशी गोळीनंतर दहा मिनिटांत नाश्ता झाला, तर काही बिघडत नाही. बिघडतं ते रोजच तसं झाल्यावर. टीएसएच नव्या पातळीवर स्थिरावायला 6 आठवडे लागतात, तेही याच संथपणामुळे. पद्धत बदलून पंधराव्या दिवशी तपासणी करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

सकाळची पद्धत

1. गोळी घेण्याच्या वेळीच पाकिटातून काढा. ओल, उजेड आणि उष्णता यांनी ती खराब होते. साधारण 25 अंश सेल्सियसच्या आत, कोरड्या जागी ठेवा. शेगडीवरचं फडताळ आणि न्हाणीघरातलं कपाट या दोन सर्वांत वाईट जागा. रोजच्या खणांची डबी वापरायचीच असेल तर एका आठवड्यापुरत्याच गोळ्या काढून ठेवा.

2. उठल्यावर, काहीही पोटात जाण्याआधी, पेलाभर म्हणजे 200 ते 250 मिलिलिटर साध्या पाण्याबरोबर गिळा. पाणी कोमट असलं तरी चालेल, पण त्यात काही मिसळू नका. दोन घोट पाणी पुरत नाही. काही गोळ्या ओल्या झाल्या की पटकन फुगतात आणि घशात अडकतात.

3. एक तास थांबा. अगदीच जमत नसेल तर अर्धा तास, पण मग रोज अर्धाच तास. आज दहा मिनिटं, उद्या दीड तास, परवा गोळी नाश्त्यानंतर, असं चाललं तर कुठल्याच मात्रेवर टीएसएच स्थिर होत नाही. तपासणी दर वेळी वेगळी येणाऱ्यांमध्ये हे कारण फार सापडतं.

4. त्या तासात फक्त पाणी. चहा, कॉफी, दूध, फळांचा रस, च्यवनप्राश, प्रोटीन पावडर, यातलं काहीही नाही.

5. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन आणि जळजळीवर घ्यायच्या चघळण्याच्या गोळ्या किंवा पातळ औषधं यांना किमान 4 तासांचं अंतर.

सकाळी गोळी राहिलीच तर? त्याच दिवशी आठवलं की शेवटच्या खाण्याला तीन तास होऊ द्या, गोळी घ्या आणि पुन्हा तासभर काही खाऊ नका. दुसऱ्या दिवशी आठवलं तर स्वतःच्या मनाने दोन गोळ्या घेऊ नका. नेहमीची एक घ्या. वारंवार राहत असेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. लपवलं तर मात्रा वाढवली जाते आणि मग वरचाच हिशेब सुरू होतो.

उपवास असेल त्या दिवशीही गोळी नेहमीप्रमाणेच घ्यायची. ज्या उपवासात पाणीही चालत नाही, त्या काळात गोळी रात्री किंवा पहाटे, पोट रिकामं असताना कशी बसवायची, हे आधीच विचारून ठेवा.

रात्री घेतली तर

पहाटे कामावर निघणाऱ्यांना, लहान मुलांच्या आईवडिलांना किंवा उठल्या उठल्या कॉफी लागतेच अशांना तासभर थांबणं जमत नाही. त्यांच्यासाठी रात्रीची वेळ चांगली आहे. जेवणानंतर किमान 3 तासांनी, झोपताना गोळी घ्यायची. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात झोपताना गोळी घेणाऱ्यांचे टीएसएचचे आकडे सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले निघाले. त्याआधी 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात निकाल उलटा होता. तिथे प्रत्येकाने आठ-आठ आठवडे तिन्ही पद्धती वापरल्या. उपाशीपोटी घेतल्यावर टीएसएचची सरासरी 1.06 होती, रात्री घेतल्यावर 2.19 आणि नाश्त्याबरोबर घेतल्यावर 2.93. तिन्ही सरासरी सामान्य मर्यादेतच आहेत. पण नाश्त्याबरोबरची पद्धत सर्वांत वाईट आणि तिच्यात चढउतारही सर्वांत जास्त.

आमचं मत असं की रात्रीच्या पद्धतीचं यश पूर्णपणे जेवणाच्या वेळेवर आहे. आठ वाजता जेवून अकराला झोपणाऱ्याला ती शोभते. साडेदहाला जेवून अकराला आडवं होणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. झोपताना दूध पिण्याची सवय असेल तरी नको. आणि एकदा वेळ बदलली की तीच ठेवायची. आठवड्यात चार दिवस सकाळी, तीन दिवस रात्री असला कारभार नको.

कॉफी, दूध, कॅल्शियम आणि बाकीची मंडळी

कॉफी हा सर्वांत सामान्य अडथळा. काळी कॉफीसुद्धा अडवते, त्यामुळे "मी दूध घालतच नाही" ही सबब चालत नाही. 2008 मध्ये इटलीतल्या अभ्यासात गोळी एस्प्रेसोबरोबर घेणाऱ्यांचं शोषण घटलेलं दिसलं. कॉफी तासाभराने घेतली की प्रश्न सुटतो. तरीही जमत नसेल तर लिव्होथायरॉक्सिन द्रवरूपात किंवा मऊ जेल कॅप्सूलमध्येही काही ठिकाणी मिळतं, त्यावर कॉफीचा परिणाम बराच कमी होतो. चहाबद्दल कॉफीइतका पुरावा नाही. पण दुधाचा चहा म्हणजे दूध आलंच, म्हणून त्यालाही तोच तास लावावा.

दुधाचं अगदी नेमकं मोजमाप झालं आहे. 2018 च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात गोळीबरोबर 355 मिलिलिटर दूध दिल्यावर शोषण सुमारे 8 टक्क्यांनी घटलं. म्हणजे दूध विष नाही. तासाभराचं अंतर पुरेसं आहे. दही, चीज यांनाही तोच नियम. कॅल्शियम मिसळलेला फळांचा रस आणि कॅल्शियम मिसळलेलं सोया किंवा बदामाचं दूध यांच्याबाबतीत मात्र सावध राहा. त्यांत बाहेरून घातलेलं कॅल्शियम असतं. वेष्टनावर तसं लिहिलं असेल तर ते दुपारी प्या.

कॅल्शियमच्या गोळ्यांना 4 तास. कॅल्शियम कार्बोनेट तसंही जेवणाबरोबर चांगलं शोषलं जातं, म्हणून ते दुपारच्या जेवणात बसवणं सोपं. लोहालाही 4 तास, पण लोह आणि कॅल्शियम एकमेकांनाही अडवतात, म्हणून तीही एकत्र नकोत. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरची यादी एकदा डोळ्यांखालून घाला. बहुतेकांत लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडं थोडं असतंच. नुसतं ड जीवनसत्त्व किंवा नुसतं बी-12 थायरॉक्सिनला अडवत नाही. पण ड जीवनसत्त्व बहुतेक वेळा कॅल्शियमच्याच गोळीत येतं, हे विसरू नका.

आम्लपित्तावरच्या औषधांचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि घोटाळा इथेच होतो. चघळण्याच्या गोळ्या आणि पातळ औषधं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा कॅल्शियमची असतात. त्यांना 4 तासांचं अंतर ठेवलं की काम झालं. पोटातल्या व्रणावरच्या सुक्रालफेटलाही तसंच. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधं मात्र दिवसभर आम्लच कमी करतात. त्यामुळे गोळ्या चार तास लांब ठेवून उपयोग नाही. ती गरजेची असतील तर बंदही करायची नाहीत. फक्त सुरू केल्यावर, बंद केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच बघायचा. कोलेस्टेरॉलवरची कोलेस्टायरामीनची पूड थायरॉक्सिनला चांगलीच धरून ठेवते. तिलाही किमान 4 तास.

कोंडा, इसबगोल, तंतुमय पूड हे सगळं आतड्याला चांगलं आहे, सोडू नका. गोळी सकाळी असेल तर इसबगोल रात्री घ्या. नाश्ता रोज भरपूर तंतुमय असेल तर ती सवय बदलण्यापेक्षा तशीच ठेवून मात्रा तिच्याप्रमाणे ठरवणं शहाणपणाचं.

सोयाच्या दोन बाजू आहेत. थायरॉइड ग्रंथीवरच्या परिणामाचं पुढे येईल. गोळीच्या दृष्टीने सोयातलं प्रथिन शोषणात आडवं येतं, हे जन्मजात थायरॉइड कमी असलेल्या बाळांमध्ये स्पष्ट दिसलं आहे. सोयाचं दूध पिणाऱ्या बाळांना मात्रा जास्त लागत होती. मोठ्यांनी टोफू, सोया चंक्स, सोया दूध दुपारी किंवा संध्याकाळी खावं, बस.

उपाशीपोटी घ्यायची आणखी औषधं असली की खरी ओढाताण सुरू होते. हाडांसाठीचं अलेन्ड्रोनेट आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं असतं. मधुमेहावरची, तोंडाने घ्यायची सेमाग्लुटाइडची गोळी रोज उपाशीपोटी, जास्तीत जास्त 120 मिलिलिटर पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास दुसरं काहीही, दुसरी गोळीसुद्धा, घ्यायची नाही. शिवाय तिच्यासोबत घेतलेलं थायरॉक्सिन रक्तात सुमारे 33 टक्के जास्त दिसतं, असं तिच्या माहितीपत्रकातच आहे. अशा वेळी थायरॉइडची गोळी रात्रीवर नेणं हा बहुधा सर्वांत सुटसुटीत मार्ग, अर्थात डॉक्टरांना विचारून.

तर पूर्ण दिवस असा बसतो. सकाळी 6 ला पेलाभर पाण्याबरोबर गोळी. 7 नंतर चहा किंवा कॉफी आणि नाश्ता. साडेदहा-अकराला लोहाची गोळी, शक्यतो पाणी किंवा आंबट फळाच्या रसाबरोबर, चहाशिवाय. दीडच्या सुमारास जेवण आणि त्यातच कॅल्शियम. मल्टिव्हिटॅमिन रात्रीच्या जेवणात. थायरॉइडची गोळी रात्री घेणारे असाल तर मल्टिव्हिटॅमिन दुपारी सरकवा आणि संध्याकाळी सातनंतर कॅल्शियम-लोह काहीही नको.

कोबी, फ्लॉवर आणि बाकी बदनाम भाज्या

ही बदनामी हवेतून आलेली नाही. 1928 मध्ये बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत मुख्यतः कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाल्याचं आढळलं आणि संशोधकांनी कोबीचा छडा लावला. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, सलगम, मोहरी या कुळात ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं असतात. भाजी चिरली किंवा चावली की तिच्यातलंच एक एन्झाइम त्यांचे तुकडे करतं. त्यातून थायोसायनेट आणि गॉइट्रिन तयार होतात. थायोसायनेट ग्रंथीत शिरणाऱ्या आयोडिनची वाट अडवतं. गॉइट्रिन ग्रंथीत हार्मोन तयार होण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करतं.

आता हे नीट वाचा: दोन्ही परिणाम *ग्रंथीवर* होतात, गोळीवर नाही. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढून टाकली असेल किंवा ग्रंथीचं काम जवळजवळ बंद पडून पूर्ण मात्रेची गोळी चालू असेल, तर कोबीने बिघडवायला तिथे काही शिल्लकच नसतं. गोळीतून तयार हार्मोन मिळतो, त्याला आयोडिन पकडायची गरज नाही. तरीही सर्वांत कडक पथ्य नेमके हेच लोक पाळताना दिसतात.

ग्रंथी अजून थोडंफार काम करत असेल, टीएसएच किंचित वाढलेला असेल आणि गोळी सुरू नसेल, तर विचार करायला जागा आहे. पण तिथेही प्रमाण पाहावं लागतं. 1986 च्या एका प्रयोगात निरोगी माणसांना रोज 150 ग्रॅम शिजवलेले ब्रसेल्स स्प्राउट्स (कोबीच्याच कुळातली भाजी) चार आठवडे दिले. थायरॉइडच्या आकड्यांत फरक पडला नाही. दुसऱ्या टोकाला 2010 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेली 88 वर्षांची एक महिला आहे. ती काही महिने रोज 1 ते दीड किलो कच्चा बोक चॉय (त्याच कुळातली चिनी पालेभाजी) खात होती आणि थायरॉइड ठप्प होऊन बेशुद्धावस्थेत दाखल झाली. वाटीभर शिजवलेली भाजी आणि किलोभर कच्ची भाजी यांच्यात केवढं अंतर आहे ते लक्षात घ्या.

काळजी वाटतच असेल तर एवढं करा. भाजी शिजवून खा. उष्णतेने ते तुकडे करणारं एन्झाइम निकामी होतं. भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकलं तर ग्लुकोसिनोलेट पाण्याबरोबर निघून जातात. मात्र काही जीवनसत्त्वंही जातात, म्हणून रोज असं करण्यात अर्थ नाही. कच्च्या कोबी-केलचे रस मोठ्या पेल्यांनी रोज पिणं टाळा. रस काढताना अर्धा किलो भाजी एका पेल्यात मावते आणि खरी गडबड तिथेच होते.

सोयातल्या आयसोफ्लेव्होनबद्दलही असंच आहे. प्रयोगशाळेत ते हार्मोन तयार होण्याच्या क्रियेला अडवतात. पुरेसं आयोडिन मिळणाऱ्या निरोगी माणसांत त्याचा ठळक परिणाम दिसलेला नाही. बाजरीत आणि कसाव्यातही असे घटक आहेत. त्यांचा त्रास मुख्यतः अशा ठिकाणी दिसला जिथे तेच एक मुख्य अन्न होतं आणि आयोडिनची कमतरता होती. ताटात विविधता असेल तर ही भीती बाजूला ठेवा.

ग्लुटेनचंही इथेच आटोपून घेऊ. सीलिॲक रोग, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, असेल तर गहू सोडावाच लागतो. गहू सोडल्यावर आतडं सुधारतं, शोषण वाढतं आणि गोळीची मात्रा कमीही करावी लागू शकते. सीलिॲक नसताना गहू सोडून थायरॉइड बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. आणि तपासणीच्या आधीच गहू सोडला तर सीलिॲकची रक्ततपासणी खोटी चांगली येऊ शकते. आधी तपासणी, मग निर्णय.

आयोडिन आणि सेलेनियम

प्रौढ माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडिन पुरतं. गरोदरपणी आणि अंगावर पाजताना जागतिक आरोग्य संघटना 250 सांगते. किलोमागे 30 मिलीग्रॅम आयोडिन असलेल्या मिठाचे 5 ग्रॅम पोटात गेले तर बरोबर 150 मायक्रोग्रॅम मिळतात. म्हणजे आयोडिनयुक्त मीठ नेहमीच्या प्रमाणात वापरणाऱ्याला वेगळ्या गोळ्यांची गरज सहसा नसते. सैंधव, गुलाबी किंवा साधं समुद्री मीठ "नैसर्गिक" म्हणून सुरू करणाऱ्यांनी मात्र वेष्टन वाचावं. आयोडिन घातल्याचं लिहिलं नसेल तर ते त्यात पुरेसं नाही असंच धरा.

उलट टोकाचा धोका केल्प नावाच्या समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचा. "थायरॉइड सपोर्ट" नावाने विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांत ते पुष्कळदा असतं. त्यातलं आयोडिन एका बाटलीत आणि दुसऱ्या बाटलीत प्रचंड वेगळं असू शकतं. ग्रंथीला एकदम खूप आयोडिन मिळालं की ती हार्मोन बनवणं तात्पुरतं थांबवते. हे 1948 मध्येच सिद्ध झालं आहे. निरोगी ग्रंथी थोड्या दिवसांत पूर्ववत होते. हाशिमोटोने, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते त्या आजाराने, दुखावलेली ग्रंथी तशीच अडकून राहू शकते. शरीरातल्या प्रतिपिंडांमुळे थायरॉइड कमी झाला असेल, आणि बहुसंख्यांचा तसाच असतो, तर जास्तीचं आयोडिन मदत करत नाही, उलट घात करतं.

सेलेनियम रोज 55 मायक्रोग्रॅम लागतं आणि 400 च्या वर जाऊ नये. ब्राझील नटच्या सहा-आठ दाण्यांत 500 पेक्षा जास्त सेलेनियम असू शकतं. रोज मूठभर खाणाऱ्यांचे केस गळतात, नखं ठिसूळ होतात, आणि मग त्या केसगळतीचं खापरही थायरॉइडवरच फुटतं. खायचेच असतील तर एक, फार तर दोन दाणे.

तपासणीच्या दिवशी

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन 5 ते 10 मिलीग्रॅम असतं. रोजची गरज 30 मायक्रोग्रॅमची आहे. एवढं बायोटिन थायरॉइड बिघडवत नाही, पण अनेक प्रयोगशाळांच्या तपासणीची रसायनं गोंधळवतं. टीएसएच खोटा कमी आणि टी-4 (रक्तातलं थायरॉक्सिन) खोटा जास्त येतो. कागदावर थायरॉइड जास्त झाल्यासारखं दिसतं आणि चांगली बसलेली मात्रा उगाच कमी केली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान 2 दिवस बायोटिन बंद ठेवा. खूप मोठी मात्रा चालू असेल तर त्याहून जास्त दिवस. ते घेत असल्याचं सांगाही.

त्या सकाळी गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. गोळीनंतर दोन-चार तास मुक्त टी-4 वर चढलेला असतो आणि आकडा फसवतो. टीएसएच दिवसभरात बदलतो, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळी आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत रक्त द्या.

थायरॉइड जास्त असेल तर

हार्मोन कमी करणाऱ्या कार्बिमाझोल, मेथिमाझोल या औषधांच्या शोषणात अन्नाची फारशी आडकाठी नसते. वेळ पाळली की झालं. इथे काळजी आयोडिनची: केल्प आणि आयोडिनयुक्त पूरकं पूर्ण बंद. धडधड आणि थरथर असेपर्यंत कॉफी कमी करावी. ती आजार वाढवत नाही, पण लक्षणांना धार आणते. किरणोत्सारी आयोडिनचा उपचार ठरला असेल तर काही वेळा आधीचे एक-दोन आठवडे रोज 50 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आयोडिनचा आहार दिला जातो. आयोडिनयुक्त मीठ, दूध-दही, अंड्याचा पिवळा भाग, मासे आणि समुद्री शेवाळ तेवढ्यापुरतं बंद. यातली यादी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचीच पाळावी. कोबीवर मात्र या काळातही बंदी नाही.

गरोदरपण आणि बाळ

गरोदर राहिल्यावर औषधाची गरज लवकरच 25 ते 30 टक्के वाढते, पहिल्या भेटीची वाट पाहत नाही. म्हणून मूल हवं असं ठरवल्यावरच डॉक्टरांना विचारून ठेवा की चाचणी होकारार्थी आली तर काय करायचं. पुष्कळदा सल्ला असतो तो आठवड्याला दोन गोळ्या जास्त घेण्याचा, म्हणजे सातऐवजी नऊ. आणि नेमक्या याच वेळी लोह-कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात, सकाळची मळमळही असते. मळमळीमुळे उपाशीपोटी गोळी ठरत नसेल तर रात्रीची वेळ इथे कामाला येते. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि ती वारंवार होत असेल, तर ते कळवा.

बाळाची गोळी चुरून चमचा-दोन चमचे पाण्यात किंवा आईच्या दुधात मिसळून लगेच द्यायची. मिश्रण करून ठेवायचं नाही. दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळू नका, बाळाने बाटली अर्धी सोडली तर मात्राही अर्धीच गेली. सोयाच्या दुधात तर मुळीच नको.

सगळं पाळूनही आकडा बसत नसेल तर

मात्रेचा ढोबळ अंदाज किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम असतो. 60 किलोच्या माणसाला साधारण 100 मायक्रोग्रॅम. यापेक्षा खूप जास्त घेऊनही टीएसएच खाली येत नसेल तर शोध घ्यायला हवा. आधी दोन आठवडे कागदावर नोंद ठेवा: गोळीची वेळ, पहिल्या खाण्या-पिण्याची वेळ, बाकी प्रत्येक गोळी-पुडीची वेळ. पुष्कळदा कारण या कागदावरच सापडतं. कंपनी बदलल्यामुळेही फरक पडतो, म्हणून मागच्या पाकिटाशी नाव ताडून पाहा.

नोंद स्वच्छ असेल तर डॉक्टर सीलिॲक, जठराला आलेली प्रतिकारशक्तीजन्य सूज, हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग, दुधातली साखर न पचणं यांची तपासणी सुचवतात. शेवटची गोष्ट गमतीची आहे, कारण अनेक कंपन्यांच्या गोळीतच लॅक्टोज, म्हणजे तीच साखर, असतं. तरीही उत्तर मिळालं नाही तर रुग्णालयात देखरेखीखाली शोषणाची चाचणी होते. सहसा 1000 मायक्रोग्रॅम एकाच वेळी, समोर बसवून देतात आणि पुढचे काही तास ठरावीक अंतराने रक्त घेऊन टी-4 किती चढतो ते पाहतात. घरी हे कदापि करू नये. टी-4 नीट चढला तर शोषण ठीक आहे, आणि घरी गोळी कशी, किती नियमित घेतली जाते याकडे पुन्हा वळावं लागतं. चढला नाही, तर आतड्याचा शोध पुढे चालू राहतो आणि तोवर द्रवरूप औषधाचा विचार होतो.